आवाज ऐकवा

पिकोचं मशीन टाके सोडायला लागलं
ते नेमकं लग्नसराईत, शनिवारी.
दांडीवर सव्वीस साड्या,
त्यात नवरीची एक, मोरपंखी,
सहा वाजता न्यायला येणार.

फोनमध्ये लिहिलं: पिको मशीन टाका सुटतो उपाय.

आधी चार जाहिराती.
मग या वर्षीची दहा सर्वोत्तम मशीनं.
मग एक निबंध:
पिको मशीन म्हणजे काय?
पिको मशीन हे पिको करण्याचे मशीन आहे.
पिको करण्यासाठी पिको मशीन वापरतात.
खाली खाली जात राहिले, अंगठा दुखेपर्यंत.
लिहिणाऱ्याला पानं भरता येत होती,
सुईत दोरा ओवता येत असेल असं वाटलं नाही.

दहा वर्षांपूर्वी, सहकारनगरच्या याच गाळ्यात,
असाच प्रश्न विचारला होता मोडक्या इंग्रजीत
तर पहिल्याच फटक्यात भेटला
इरोडचा कुणी माणूस.
हललेला फोटो, फोटोत त्याचं बोट,
बोटापुढे तोच स्क्रू.
नखातलं काळं तेल बघून
मी विश्वास ठेवला.
ते पान आता उघडत नाही.
उघडलं तर रमी खेळायला बोलावतात.

भाचा म्हणाला, मावशी, हे दुसरं वापर,
यात जाहिराती नसतात.
नव्हत्या.
निबंध तोच होता, फक्त स्वच्छ ताटात वाढलेला.
मग म्हणाला, याला विचार, हा बोलतो.
बोलला. काय गोड बोलला!
डावीकडचा निळा नॉब अर्धा फेरा फिरवा, म्हणे.
माझ्या मशीनला डावीकडे भिंत आहे.
निळं काहीच नाही.
तसं सांगितल्यावर त्यानं माफी मागितली
आणि उजवीकडचा निळा नॉब फिरवायला सांगितला.

पावणेबाराला शटर अर्धं ओढलं,
लूपर काढून रुमालात बांधला
आणि स्कूटी घातली थेट बोहरी आळीत.
हातिमभाईंकडून वीस वर्षं सुया घेतेय,
सुयांपलीकडे बोलणं कधी झालं नव्हतं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
लूपर उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला,
आणि म्हणाले,
"हे मला नाही माहीत."

सकाळपासून हे वाक्य
कुणीच म्हणालं नव्हतं.
त्या पत्र्याच्या डब्यांच्या गर्दीत
उभ्या उभ्या मला बरं वाटलं.

मग त्यांनी कॅलेंडर उलटं केलं.
मागे पेन्सिलनं एक नंबर:
फुरसुंगीचे हरपळे, कारखान्यातून रिटायर.

हरपळेंचा आवाज झोपेतला.
म्हणाले, लूपर परत बसवा.
फोन सुईजवळ ठेवा.
बोलू नका. आवाज ऐकवा.

मी पायडल दाबलं.
तिकडे कुकरची शिट्टी, एक कोंबडा,
बाकी काही नाही.
"पुन्हा. हळू."
पुन्हा. हळू.
"हं. लूपरला काही झालेलं नाही.
सुई अर्धा सूत वर चढलीय. खाली घ्या."
घेतली.
पैसे किती, विचारलं
तर म्हणाले, ठेवतो, पाणी आलंय.

सहाला मोरपंखी गेली. नवरीच्या आईनं
पन्नास रुपये कमी दिले, तो भाग वेगळा.

मापांच्या वहीला मी आता उलट बाजूनं
सुरुवात केलीय.
हरपळे: मशीनचा आवाज. दोन ते चार झोपतात, मी उठवलं होतं.
हातिमभाई: माहीत नसलं तर सांगतात.
किणीकरबाई, समोरची बिल्डिंग: जुनं रेशीम,
नुसता हात लावून.
इरोड, असं लिहून
पुढे रेघ मारून ठेवलीय.

काल एका अनोळखी बाईंचा फोन आला.
नंबर बोहरी आळीतून मिळाला म्हणाल्या.
सासूबाईंच्या शालूचा जर काळा पडलाय,
काय करावं?

"मला नाही माहीत," मी म्हटलं.
त्या ठेवायला लागल्या.
"अहो थांबा," म्हटलं, "वही घेते."